मोठी थ्रॉटल बॉडी बसवल्यावर गरम गाडीचा स्लो हलतो, ॲडॅप्टेशन करूनही दुखणं परत येतं: कारण आणि इलाज

जालन्याहून निघालं की शेंद्र्यापर्यंत गाडी लोण्यासारखी. चिकलठाणा ओलांडून गर्दीत शिरलो आणि क्रांती चौकाच्या सिग्नलला उभा राहिलो की स्लोवर, म्हणजे पेडलवरून पाय काढून इंजिन नुसतं फिरत असताना, आरपीएमचा काटा नाचायला लागायचा. ८००, ११००, खाली ७५०, पुन्हा ११००. एसी चालू असेल तर स्टिअरिंगसुद्धा थरथरायचं. दोन-तीन दिवसांत चेक लाइट. मग गॅरेजला न्या, स्कॅनर लावा, कोड पुसा, थ्रॉटलचं, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या पात्याचं, ॲडॅप्टेशन करा (त्याच्या जागा गाडीच्या कॉम्प्युटरला नव्याने शिकवा). लगेच गाडी शहाणी. तीन-चार दिवस सुखाचे जायचे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

असं चार वेळा झालं. त्यानंतर मी ॲडॅप्टेशन करणं थांबवलं आणि मूळ शोधायला बसलो. लातूर आणि नांदेडच्या दोन मित्रांनाही थोड्याफार फरकाने हाच त्रास आहे, त्यामुळे जे सापडलं ते सविस्तर लिहितो.

गाडी २००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, १.८ टर्बो, १५० अश्वशक्ती. ऑक्टाव्हिया आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळायची, त्यामुळे संभाजीनगरात या गाडीवर जीव असलेली माणसं बरीच आहेत, मीही त्यातलाच. मूळ थ्रॉटल बॉडीचं भोक माझ्या व्हर्नियरवर ६० मिलिमीटर भरलं. तिच्या जागी मोठ्या इंजिनाची, जुन्या बाजारातून आणलेली ७० मिलिमीटरची बसवली. दोन्हींचे बोल्ट जुळत नाहीत म्हणून मधे १२ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट घातली, दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग आणि वरून सिलिकॉन. दिसायला काम चोख होतं.

ॲडॅप्टेशनने बरं का वाटतं

या काळातल्या गाडीत पेडल आणि थ्रॉटल यांच्यामधे ओढणारी वायर (केबल) नाही. पेडल फक्त सांगतं, थ्रॉटलचं पातं मोटर फिरवते. पातं किती फिरलं हे दोन सेन्सर कळवतात, एकाचा व्होल्टेज वाढत जातो तसा दुसऱ्याचा उतरतो, आणि बेरीज साधारण ५ व्होल्टवर राहते. ॲडॅप्टेशन म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पातं एकदा पूर्ण मिटून बघतो, स्प्रिंगच्या भरवशावर सोडून बघतो आणि दोन्ही जागा लिहून ठेवतो. भोक ६० चं आहे की ७० चं, हे त्यातून त्याला कळत नाही. ते मॅपमध्ये, म्हणजे ईसीयूच्या प्रोग्रॅममध्ये, लिहावं लागतं. माझ्या ट्यूनरने ते लिहिलं होतं. नसतं लिहिलं तर पाय टेकवताच गाडीने उडी मारली असती, आणि तुमची तशी मारत असेल तर हे पुढचं वाचण्याआधी मॅप बघून घ्या.

दुसरं काम ईसीयू चालत्या गाडीत करतो. मिटलेल्या पात्याच्या कडेने किती हवा निसटते, स्लोवर मिश्रण किती कोरडं पडतंय (हवेच्या मानाने पेट्रोल किती कमी पडतंय), पेट्रोल किती वाढवायचं, हे तो हळूहळू शिकत राहतो. या शिकण्याला हद्द आहे. हद्द संपली की कोड लागतो, आणि असे कोड बहुधा लागोपाठ दोन ड्रायव्हिंग सायकलमध्ये चूक दिसली तरच दिवा लावतात.

कोड पुसून ॲडॅप्टेशन केलं की शिकलेलं सगळं कोरं होतं. ईसीयू पुन्हा शून्यापासून शिकायला लागतो, हद्द गाठेपर्यंत तीन-चार दिवस जातात, आणि तेवढे दिवस आपल्याला वाटतं गाडी दुरुस्त झाली. दुखणं जागेवरच असतं. हे लक्षात यायला मला चार फेऱ्या लागल्या, त्या तुमच्या वाचाव्यात एवढीच इच्छा आहे.

आधी आकडे, तेही दोनदा

साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) आणि मोबाइल पुरेसा आहे. सकाळी थंड गाडी चालू करून लूप लागला की, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर कामाला लागला की, स्लोवर लाँग टर्म आणि शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिमची, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्या आकड्यांची, बेरीज लिहा. मग २,५०० आरपीएमला धरून लिहा. नंतर अर्धा तास हायवेला दामटून या आणि फॅन चालू असतानाच तेच दोन आकडे पुन्हा लिहा. जुन्या फोक्सवॅगन-स्कोडात स्कॅनरवर ब्लॉक ०३२ उघडलात तर पहिल्या खान्यात स्लोची आणि दुसऱ्यात चालत्या गाडीची दुरुस्ती वेगवेगळी दिसते, ते आणखी सोपं.

माझे आकडे असे होते: थंड स्लो अधिक ३, थंड २,५०० ला अधिक १. गरम स्लो अधिक १३, गरम २,५०० ला अधिक २. सगळी गोष्ट या चार आकड्यांत आहे. स्लोवर मोठा आणि रेस दिल्यावर विरणारा आकडा म्हणजे मापाबाहेरची हवा कुठून तरी आत शिरते आहे. आणि ती गरम झाल्यावरच शिरते. आकडा उलटा असता, म्हणजे स्लोवर ठीक आणि वेगात वाढणारा, तर मी एअर फ्लो सेन्सर आणि पेट्रोल पंपाकडे वळलो असतो.

एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण नांदेडच्या मित्राने याच घोळात एक चांगला सेन्सर बदलला. इंजिन बंद, चावी चालू अशा स्थितीत प्रेशर सेन्सर १०१ किलोपास्कल दाखवायला हवा असं वाचून लोक घाबरतात. तो आकडा समुद्रसपाटीचा. संभाजीनगर ५७० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथे ९४-९५ दिसणं बरोबर. नांदेडला ९७ च्या जवळपास. याच्याशी जुळत असेल तर सेन्सरला हात लावू नका.

ज्यात वेळ गेला

बॅटरी. एकदा ॲडॅप्टेशन अर्धवट राहिलं आणि १७९७२ कोड आला, म्हणजे ॲडॅप्टेशनच्या वेळी व्होल्टेज कमी पडला. आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटऱ्या लवकर थकतात, वरून चावी चालू ठेवून स्कॅनरवर अर्धा तास बसलं की संपलंच. चार्जर लावून केलं, स्कॅनरवर एडीपी ओके (ॲडॅप्टेशन पूर्ण) आलं. दुखणं मात्र तसंच.

एअर फिल्टर. तेल लावायचा कापडी कोन फिल्टर होता. काळ्या रानातली बारीक धूळ आणि फिल्टरचं जास्तीचं तेल मिळून एअर फ्लो सेन्सरच्या पातळ पट्टीवर थर धरतात, हे खरं आहे. सेन्सर त्याच्यासाठीच्या स्प्रेने धुतला आणि कागदी फिल्टरचा मूळ डबा परत बसवला. उन्हाळ्यात बीड रोडने नियमित जाणाऱ्याने तोच ठेवावा असं माझं ठाम मत आहे. चालत्या गाडीचा आकडा २ वरून १ वर आला, गरम स्लोचा १३ हलला नाही.

मॅनिफोल्डखालचे श्वासाचे पाइप. १.८ टर्बोत क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, तेलाकडच्या पोटाच्या) वाफा परत ओढणाऱ्या रबरी नळ्यांचं जाळं मॅनिफोल्डच्या, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या भागाच्या, पोटाखाली असतं. वीस वर्षांच्या उष्णतेत त्या नळ्या पापडासारख्या होतात. माझी एक हातातच तुटली. वाटलं, सापडलं! सगळ्या बदलल्या, चेक व्हॉल्व्हही नवा टाकला. थंड स्लो ३ वरून १ वर आला. गरम स्लो १३ चा ११ झाला, मग दोन दिवसांनी पुन्हा १३. ही गळती खरी होती, पण ती वेगळी होती. एका गाडीत दोन गळत्या असू शकतात हे मनात धरूनच शोधा.

तेवढ्यात आमच्या मिस्त्रींनी, मूळचे औशाकडचे, बोनेटवर वाकून दोन मिनिटं कान दिला आणि म्हणाले, "साहेब, एअर घेऊलालीय गाडी. थ्रॉटलपाशीच घेऊलालीय बगा." मी म्हटलं, पॅकिंग तीनदा बदललंय मामा. ते म्हणाले, "पॅकिंग बदललाव, पण टेकतंय का नाही ते बगितलाव का?" तो प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

पंक्चरवाल्याची पद्धत

गॅरेजमध्ये धुराचं मशीन लावून आधीच तपासलं होतं, काही निघालं नव्हतं. कारण तपासताना गाडी थंड होती. धूर, साबण, काहीही वापरा, गळती गरमपणी दिसत असेल तर तपासणी गरम इंजिनवरच करायची.

कार्ब क्लिनर फवारून आरपीएम बदलतो का बघायची पद्धत सगळीकडे सांगतात. तापलेल्या टर्बोजवळ ती करू नका, एक थेंब चुकीच्या जागी पडला तर आग आहे. अगरबत्तीही नको. त्यापेक्षा पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसं करा.

ठिबकच्या दुकानात मिळणारी पीव्हीसी पाइपची एंड कॅप घ्या, टर्बोच्या तोंडाच्या होजमध्ये घट्ट बसेल त्या मापाची. तिला मधोमध भोक पाडून टायरचा व्हॉल्व्ह बसवा. एअर फ्लो सेन्सरकडून टर्बोकडे जाणारा होज सेन्सरच्या बाजूने सोडवून तिथे ही कॅप क्लॅम्पने आवळा. हवेच्या पंपाने हळूहळू ५ पीएसआयपर्यंत भरा. १० च्या वर जाऊ नका, क्रँककेसमध्येही दाब जातो आणि जुने ऑइल सील ढिले होतात. चावी बंद असताना पातं थोडं उघडं असतं, त्यामुळे हवा मॅनिफोल्डपर्यंत पोचते. उघड्या व्हॉल्व्हमधून ऑइलच्या झाकणाकडे थोडी फुसफुस ऐकू येते, ती चालायची. हातमोजे घाला आणि साबणाचं घट्ट पाणी ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावा.

मी दौलताबाद घाटातून फेरी मारून आलो आणि बोनेट उघडून लगेच हे केलं. होज कोरडे. इंजेक्टरच्या बुडाशी काही नाही. प्लेट आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर, खालच्या डाव्या कोपऱ्यात, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक. चार्ज पाइप (टर्बोची हवा थ्रॉटलला आणणारा पाइप) हाताने जरा वर उचलला की थांबायचे. सोडला की पुन्हा सुरू. तीन-चारदा उचलून सोडून बघितलं, कारण आपल्याला हवं तेच डोळ्यांना दिसतं असंही होतं. दर वेळी तेच. तासाभराने गाडी निवली, तीच जागा, तोच दाब, बुडबुडा नाही.

प्लेट काढली, जुनं सिलिकॉन खरवडलं. त्या कोपऱ्यातलं सिलिकॉन इंजिनाच्या तेलकट वाफेने मऊ, चिकट झालं होतं, बोटाने निघत होतं. वाळूजला टूलरूमचं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे नेली. त्याने सरफेस प्लेटला, म्हणजे अगदी सपाट तपासणीच्या पाटाला, निळा रंग लावून माझी प्लेट तिच्यावर फिरवली. तीन कोपऱ्यांना निळा रंग, चौथा कोपरा पांढराशुभ्र. तिथे ०.१० मिलिमीटरचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज सरकलं, साधारण २५ मिलिमीटर लांबीत. ही प्लेट जाड पत्र्यातून कापून हाताने घासलेली होती, मशीनवर फेसिंग झालंच नव्हतं.

०.१० मिलिमीटर म्हणजे केसाएवढं, एवढ्याने काय होतंय, असं मलाही वाटलं. हिशोब केला. ०.१० गुणिले २५ म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरचं भोक. स्लोवर मॅनिफोल्डमध्ये ओढ इतकी असते की त्या भोकातून हवा आवाजाच्या वेगाने आत शिरते, आणि एवढ्या भोकातून सेकंदाला साधारण ०.३५ ग्रॅम हवा जाते. या इंजिनला स्लोवर सगळी मिळून सेकंदाला ३ ग्रॅमच्या आसपास हवा लागते. म्हणजे जवळपास बारा टक्के हवा मोजणीत न येता आत. माझा गरम स्लोचा आकडा १३. पूर्ण ताकदीवर हेच इंजिन सेकंदाला १२० ग्रॅमच्या आसपास हवा घेतं, तिथे ही गळती एक टक्काही भरत नाही. त्यामुळे पिकअप कमी झाल्याचं कधी जाणवलंच नाही आणि मी थ्रॉटलच्या सांध्यावर संशयही घेतला नाही.

कोपरा आधीपासून उंच-सखल होता, मग गरम झाल्यावरच का? थंडपणी सिलिकॉन फट बुजवून धरायचं. तापलं की मऊ पडायचं, आणि वरून मोठ्या थ्रॉटलचं वजन नि आखूड चार्ज पाइपची ओढ. इंजिन माउंटवर हलतं, पाइपचं दुसरं टोक बॉडीला पक्कं, प्रत्येक गिअरला थ्रॉटलला हिसका. पाइप उचलल्यावर बुडबुडे थांबत होते ते याचमुळे.

काय केलं

प्लेटच्या दोन्ही बाजू सरफेस ग्राइंडरवर घेतल्या, १२ ची ११.६ झाली. मॅनिफोल्डचं तोंडही तपासलं, ते सरळ होतं. कागदी पॅकिंग आणि सिलिकॉन दोन्ही बंद. प्लेटला दोन्हीकडे खाच पाडून वायटनची (उष्णता आणि तेल सोसणाऱ्या रबराची) ओ-रिंग टाकली. रिंगची जाडी २.६२, खाच २ मिलिमीटर खोल, म्हणजे रिंग पाचव्या हिश्शाहून जरा जास्त दबते आणि धातूला धातू टेकतो. खाचेला आतली आणि बाहेरची, दोन्ही भिंती ठेवायला लेथवाल्याला बजावून सांगा. टर्बो गाडीत या सांध्याला स्लोवर आत ओढ असते आणि बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो दाबाने हवा भरत असताना, बाहेर ढकल. आतली भिंत नसेल तर रिंग मॅनिफोल्डमध्ये ओढली जाईल.

बोल्ट एम ६, आडव्या क्रमाने, टॉर्क रेंचवर १० न्यूटन मीटर. मिस्त्री लोक हाताच्या अंदाजाने आवळतात, आणि त्यांचा अंदाज बहुतेकदा बरा असतो, पण ॲल्युमिनियमच्या आट्यांना अंदाज नको. चार्ज पाइपला इंजिनच्याच ब्लॉकवरून एक ब्रॅकेट दिलं आणि पाइपच्या दुसऱ्या टोकाला फुगीर सिलिकॉन जोड घातला, म्हणजे इंजिनची हालचाल तो गिळतो. मग चार्जर लावून एकदाच ॲडॅप्टेशन. पेडलला पाय लावायचा नाही, इंजिन बंद, पाण्याचं तापमान फार थंडही नको नि फार गरमही नको. चावी चालू असताना पात्यात बोट घालू नका, मोटर बोट सोडत नाही.

थ्रॉटल साफ करायचीच असेल तर फडक्याला क्लिनर लावून हलक्या हाताने पुसा. काही थ्रॉटल बॉडींच्या कडेला काळपट लेप कंपनीनेच दिलेला असतो. तो घाण समजून खरवडला तर पात्याच्या कडेने हवा कायमची निसटत राहते आणि नवंच दुखणं सुरू होतं.

ज्यांची वायरवाली जुनी होंडा आहे

लातूरच्या मित्राची गाडी जुनी होंडा. तिथे ही कथा वेगळी निघाली. त्याने मोठी थ्रॉटल बसवताना खालून जाणारी कूलंटची नळी बायपास केली, कारण हवा गार राहील असं कुणी सांगितलं. पण बऱ्याच जुन्या होंडांत गार इंजिनला जास्तीची हवा देणारा फास्ट आयडल व्हॉल्व्ह कूलंटच्या उष्णतेने मिटतो. कूलंटच पोचत नाही तर तो मिटणार कसा? स्लो दिवसभर १,५०० च्या वर. नळी परत जोडली, कूलंटमधली हवा काढली, स्लो खाली आला. कूलंटमध्ये हवा अडकली तरी या गाड्यांचा स्लो वरखाली होतो. मधल्या काळात त्याने स्टॉपर स्क्रू फिरवून स्लो "बसवला" होता, तो मूळ जागी आणायला एक दिवस गेला. त्या स्क्रूला हात लावू नका, तो स्लो बसवण्यासाठी दिलेलाच नाही.

मोठी थ्रॉटल बसवावी का

मला वारंवार विचारतात म्हणून हिशोबच मांडतो. १५० अश्वशक्तीला सेकंदाला १२० ग्रॅम हवा धरली, तर बूस्टमध्ये ती ६० मिलिमीटरच्या भोकातून साधारण २६ मीटर सेकंद वेगाने जाते. त्या वेगाच्या हवेचा स्वतःचा दाब अर्धा किलोपास्कल. मॅनिफोल्डमध्ये दीडशे किलोपास्कलच्या आसपास दाब असताना या अर्ध्यातले काही अंश वाचवून गाडी जोरात पळणार नाही. क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं हे खरं, पण मॅनिफोल्डचं तोंड ६० चंच ठेवलं तर आत पाच मिलिमीटरची पायरी तयार होते आणि तेही वाया जातं. मूळ टर्बो असेल तर आधी इंटरकूलर, पाइप आणि मॅप बघा. मोठा टर्बो घालायचा असेल तेव्हा मॅनिफोल्डचं तोंड मोठं करून, दोन्हीला मिळून एकदाच करा. मी मोठी थ्रॉटल ठेवली आहे, कारण पुढच्या वर्षी टर्बो बदलायचा आहे. नाहीतर मूळचीच परत चढवली असती.

काम झाल्यावर पहिल्या रविवारी दुपारी दीडला, बाहेर ४१ अंश असताना, कन्नडपर्यंत जाऊन औट्रम घाटाच्या तोंडाशी गाडी सावलीत उभी केली. एसी चालू, फॅन चालू. काटा ८२० वर, वीस मिनिटं. गरम स्लोचा ट्रिम अधिक १. दोन आठवड्यांनी पुन्हा बघितला, अधिक १. मधे ॲडॅप्टेशन एकदाही केलेलं नाही.